टीव्हीचं चित्र तुटतं तेव्हा: आधी पडदा वाचा, छत्रीला हात शेवटी

चित्र तुटायला लागलं की बहुतेक घरांत बॉक्स बंद-चालू होतो, मग मागची वायर हलवून बघितली जाते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कोणीतरी थेट गच्चीवर जाऊन डिशची छत्री फिरवतो. यातली शेवटची पायरी महागात पडते. छत्री एकदा जागची हलली की मूळ दोष राहतो बाजूला आणि नवा पदरात पडतो. शिवाय बऱ्याचदा दोष छत्रीत नसतोच. तो असतो केबलच्या टोकाला, बोटभर लांबीच्या कनेक्टरमध्ये. तिथपर्यंत पोचायच्या आधी खोलीत बसूनच बराचसा निवाडा करता येतो.

तीन मेन्यू उघडून बघा

टीव्हीच्या रिमोटने टीव्हीचा स्वतःचा मेन्यू उघडा. त्यातच रेघा, डाग किंवा काळपट पट्टा दिसत असेल तर दोष टीव्हीत आहे. छत्री, केबल, बॉक्स यांचा काही संबंध नाही. हा मेन्यू स्वच्छ असेल तर आता सेट टॉप बॉक्सचा मेन्यू उघडा. तो थरथरतोय, त्यात ठिपके येताहेत किंवा मधेच पडदा काळा होतोय, तर दोष बॉक्स आणि टीव्ही यांच्यामधल्या जोडणीत. दोन्ही मेन्यू स्वच्छ आणि फक्त वाहिनीचं चित्र तुटतंय, तर सिग्नलचा प्रश्न. एवढ्या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत.

चित्र कसं बिघडलंय तेही नीट बघा. चौकोनी ठोकळे, अडकलेलं चित्र आणि आवाजात किचकिच असेल तर सिग्नल कमी पडतोय. चित्रावर पांढरे चमचमणारे ठिपके किंवा दोन-तीन सेकंद काळा पडदा होऊन चित्र परत येणं, हे एचडीएमआयचं, म्हणजे बॉक्स आणि टीव्ही जोडणाऱ्या केबलचं लक्षण. पडद्यावर व्यवस्थित अक्षरांत संदेश येतोय आणि बाकीच्या वाहिन्या ठणठणीत आहेत, तर ती वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही किंवा रिचार्ज संपलाय. आणि पूर्वीसारख्या मुंग्या दिसत असतील तर टीव्ही चुकीच्या सोर्सवर आहे. डिजिटल सिग्नलमध्ये मुंग्या येत नाहीत. रिमोटचं सोर्सचं बटण दाबून बॉक्स ज्या सॉकेटला लावलाय तो निवडा.

डिजिटल चित्राचा स्वभाव इथेच लक्षात घ्यायला हवा. जुन्या अँटेनावर सिग्नल जसजसा कमी व्हायचा तसतसं चित्र खराब होत जायचं. आता तसं नाही. सिग्नल एका मर्यादेच्या वर आहे तोवर चित्र अगदी काचेसारखं दिसतं, मर्यादेच्या जरा खाली गेला की एकदम कोसळतं. म्हणून ‘काल संध्याकाळपर्यंत उत्तम होतं’ याचा अर्थ सगळं ठीक होतं असा होत नाही. काठावर चाललेलं असू शकतं, आणि पहिल्या पावसात ते उघडं पडतं.

बॉक्स ते टीव्ही

एचडीएमआय केबल दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा. टीव्हीचं दुसरं एचडीएमआय सॉकेट वापरून बघा. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीत केबल मुरगळून सॉकेट सैल झालेलं असतं. तरीही ठिपके येत असतील तर केबल बदला. बॉक्स आणि टीव्ही शेजारी-शेजारी असतील तर दीड मीटरची केबल पुरते. उगाच पाच मीटरची घेऊन मागे गुंडाळी करून ठेवू नका. काळा पडदा वारंवार येत असेल तर दोन्ही उपकरणं स्विचवरून बंद करा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही आणि मग बॉक्स चालू करा. बॉक्स आणि टीव्ही एकमेकांना ओळखतात ती प्रक्रिया अडकलेली असते, ती अशाने नव्याने होते.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची एव्ही केबल असेल आणि चित्र अचानक कृष्णधवल झालं, तर टीव्हीच्या मागे बघा. अनेक टीव्हींत पिवळ्या पिनेचं आणि कंपोनंटच्या हिरव्या पिनेचं सॉकेट एकच असतं. सोर्स ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडला गेला की रंग उडतात. सोर्स बदलला की रंग परत. आणि एचडी बॉक्स घेऊन तो एव्ही केबलने जोडला असेल तर एचडीचे पैसे वाया चाललेत, कारण त्या केबलमधून ५७६ ओळींच्या वर चित्र जाऊच शकत नाही.

सगळं जोडलेलं बरोबर आहे पण चित्र मऊ, धुरकट दिसतं, अशी तक्रार मोठा टीव्ही घेतल्यावर हमखास येते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी आहे का बघा. कारखान्यातून किंवा बसवून देणाऱ्याकडून ते ५७६वरच राहिलेलं असतं. एसडी वाहिनीचं चित्र मुळात ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, ते ५५ इंची पडद्यावर ताणलं की मऊच दिसणार. त्याला कोणतंही सेटिंग नाही. टीव्हीचं ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ ठेवा, शार्पनेस अगदी खाली आणा, एनर्जी सेव्हिंग बंद करा. शार्पनेस वाढवल्याने बारकावे वाढत नाहीत, अक्षरांच्या आणि चेहऱ्यांच्या कडेला पांढरी किनार तेवढी येते.

सिग्नलचे दोन आकडे

बॉक्सच्या मेन्यूत, बहुधा सेटअप किंवा इन्स्टॉलेशनखाली, सिग्नलचा पडदा असतो. त्यावर दोन पट्ट्या: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ बघून समाधान मानतात, आणि फसतात. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत पोचणारी एकूण ताकद, त्यात कचराही आला. क्वालिटी म्हणजे त्यातला वाचण्याजोगा भाग. चित्र क्वालिटीवर चालतं.

दोन्ही शून्य असतील तर बॉक्सपर्यंत काहीच पोचत नाही: केबल तुटली, कनेक्टर निघाला, एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) मेला किंवा बॉक्स एलएनबीला वीज देत नाही. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर एलएनबी जिवंत आहे, केबलही ठीक आहे, पण छत्री भलतीकडे बघतेय. दोन्ही आहेत पण क्वालिटी सारखी खाली-वर होतेय, तर वाऱ्याकडे लक्ष द्या. वाऱ्याच्या झोताबरोबर आकडा पडत असेल तर एक तर छत्रीचा बोल्ट सैल आहे किंवा समोर नारळाची झावळी हलतेय. वारा नसतानाही आकडा नाचत असेल तर कनेक्टर.

आता दोन-चार वेगवेगळ्या वाहिन्यांवर जाऊन हाच पडदा बघा. सगळ्याच वाहिन्या कमजोर असतील तर दोष सामाईक आहे. ठरावीक वाहिन्या अजिबात येत नाहीत आणि बाकीच्या उत्तम, तर कारण वेगळं, आणि ते बहुधा विजेच्या दाबात सापडतं. एलएनबीला वीज केबलमधूनच जाते. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या (ज्यांच्या लहरी उभ्या हेलकावतात त्या) वाहिन्या घेतो, १८ व्होल्ट दिले की आडव्या. साधारण १५ व्होल्टच्या आसपास ही अदलाबदल होते. केबल लांब आणि हलकी असेल, किंवा बॉक्सचा अडॅप्टर म्हातारा झाला असेल, तर १८ निघालेले व्होल्ट गच्चीवर पोचेपर्यंत १५च्या खाली येतात. मग आडव्या ध्रुवणाच्या सगळ्या वाहिन्या एकदम गायब होतात आणि उभ्या चालू राहतात. मल्टिमीटर असेल तर गच्चीवरच्या टोकाला मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये दाब मोजा, खाली कोणालातरी वाहिन्या बदलायला सांगा. मात्र एलएनबी जोडलेला नसताना आकडा नेहमी चांगलाच दिसतो, कारण तेव्हा केबलमधून प्रवाहच वाहत नाही. एलएनबी जोडलेला ठेवून मोजलं तरच खरं कळतं.

केबल जोडताच बॉक्स बंद पडून परत सुरू होत असेल तर केबलमध्ये कुठेतरी मधली तार जाळीला टेकलेली आहे. सगळ्या जोडण्या बॉक्सचा स्विच बंद करूनच करायच्या त्या याचसाठी. चालू बॉक्सवर कनेक्टर फिरवताना जाळीची एखादी तार टेकली की बॉक्समधला एलएनबीला वीज देणारा भाग जळू शकतो.

कनेक्टर आणि केबल: खरा गुन्हेगार

बॉक्सच्या मागचा एफ कनेक्टर उघडून बघा. मधली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल तर त्यात पाणी किंवा दमट हवा गेलेली आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या खाडीकाठच्या इमारतींत खाऱ्या हवेने हे काम फार लवकर होतं. पांढऱ्या प्लास्टिकची कड तपकिरी झाली असेल, जाळी भुरभुरत असेल, तर ते टोक घासूनपुसून चालणार नाही. पाच-सहा इंच केबल कापा. आतली जाळी चकचकीत दिसेपर्यंत मागे जा.

नवा कनेक्टर बसवताना घाई करू नका. बाहेरचं काळं आवरण टोकापासून सुमारे १३ मिलिमीटर गोल कापून काढा. ब्लेड हलक्या हाताने फिरवा, जाळीच्या तारा तुटता कामा नयेत. जाळी उलटी वळवून आवरणावर सारखी बसवा. खालचा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख मात्र तसाच राहू द्या. आता पांढरं प्लास्टिक टोकाकडून ६ ते ७ मिलिमीटर काढा. मधल्या तारेवर ब्लेडचा चरा उठला तर परत कापा, तिथेच ती पुढे मोडते. कनेक्टर दाबत आणि फिरवत आत ढकला. पांढऱ्या प्लास्टिकची कड कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट आली पाहिजे आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २ ते ३ मिलिमीटर राहिली पाहिजे. तार आखूड राहिली तर सॉकेटच्या आतल्या पत्तीला जेमतेम टेकते, आणि ऊन-गारव्याने केबल पसरली-आकसली की सुटते. मग दिवसाच्या ठरावीक वेळी बंद आणि एरवी चालू असा चमत्कार दिसतो. शेवटी टॉर्च मारून बघा: मधल्या तारेभोवती जाळीचा एकही केस राहिलेला नको.

गच्चीवरच्या कनेक्टरला फिरवून बसवायचे स्वस्त कनेक्टर नकोत, दाबून बसवायचे घ्या. नट हाताने बसवून ११ नंबरच्या पान्याने अगदी पाव फेरा द्या. वर रबरी बूट, तो नसेल तर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. साधी काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते आणि नंतर पाणी धरून ठेवते. ती टेप नसल्यापेक्षा वाईट. कनेक्टरच्या आत सिलिकॉन किंवा ग्रीस भरायचं नाही.

एलएनबीपाशी केबल सरळ वर जाऊ देऊ नका. तिला आधी खाली झोळ द्या आणि मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. घरात शिरताना खिडकीबाहेरही असाच झोळ. हा झोळ नसलेल्या घरांत पाणी केबलवरून ओघळत थेट बॉक्सच्या मागे येतं.

केबल आरजी-६, ७५ ओहमची हवी. जुन्या अँटेनाची बारीक केबल किंवा केबलवाल्याने सोडलेली वायर उचलून छत्रीला लावू नका. छत्रीपासून घरात येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. बारीक केबल त्यातला वरचा भाग खाऊन टाकते. चांगल्या आरजी-६मध्येही २ गिगाहर्ट्झच्या आसपास ३० मीटरला ८-९ डेसिबल जातात, आणि तेवढं चालतं. विकत घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. मधल्या तारेला ते चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर फक्त तांब्याचा मुलामा. दहा-पंधरा मीटरला अशी केबल चालून जाते. चार मजल्यांवरून आणायची असेल तर पूर्ण तांब्याची घ्या, नाहीतर व्होल्टचा तो घोळ होतो. अंतर ४०-५० मीटरच्या वर गेलं तर लाइन अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा डबा) लागतो आणि तो छत्रीजवळ बसवायचा असतो. टीव्हीजवळ बसवला तर केबलमध्ये जे हरवलं ते परत येत नाही, उरलेल्या सिग्नलबरोबर कचराही मोठा होतो.

मध्ये जोड शक्यतो नकोच. दोन तारा पिळून टेप मारलेला जोड म्हणजे सिग्नलला आमंत्रण देऊन घालवणं. कापावंच लागलं तर दोन्ही टोकांना एफ कनेक्टर आणि मध्ये बॅरल (दोन कनेक्टर जोडणारी छोटी नळी). केबलला टाचणीने, खिळ्याने चेपू नका आणि दाराच्या फटीत चिरडू देऊ नका. वळवताना वळणाची त्रिज्या किमान ४-५ सेंटिमीटर राहू द्या.

एक विचित्र तक्रार अलीकडे ऐकू येते: एक-दोन वाहिन्याच तुटतात, आणि त्याही कोणी बॉक्सजवळ फोनवर बोलायला लागलं की. मोबाइलची १८०० मेगाहर्ट्झची सेवा केबलमधल्या सिग्नलच्याच पट्ट्यात येते. त्यातला १७१० ते १७८५ हा फोनवरून निघणारा भाग केबलमध्ये तिथेच असलेल्या वाहिन्यांशी टक्कर घेतो. घट्ट कनेक्टर आणि दाट जाळीची केबल असेल तर तो आत शिरत नाही. ढिला कनेक्टर हे शिरण्याचं दार.

आता गच्ची

पाऊस नको, वीज कडाडणारे वळीव नकोत, जवळून विजेच्या तारा जात असतील तर आपण चढायचंच नाही. सिमेंटच्या पत्र्यावर किंवा कौलांवर उभं राहू नका, ते कधीही फुटतात. एकटे जाऊ नका. खाली एक माणूस सिग्नलचा पडदा बघायला हवाच, आणि फोनचा व्हिडिओ कॉल लावून पडदा वर दाखवला तर ओरडाओरड वाचते.

वर गेल्यावर आधी नुसतं बघा. छत्रीला मार्करने खुणा करा: खांबावर छत्रीच्या क्लॅम्पची जागा, उंचीच्या बोल्टची पट्टी, एलएनबी त्याच्या पकडीत किती फिरलाय ते. काही बिघडलं तर इथे परत येता येतं. मग एलएनबीचं प्लास्टिकचं टोपण बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, उन्हाने टोपण तडकलेलं असतं आणि आत पाणी साचतं. तडकलेला एलएनबी बदलायचा, फेविक्विकने चिकटवायचा नाही. छत्रीचा पृष्ठभाग मऊ कपड्याने पुसा. खोल पोचा पडला असेल, माकडांनी लोंबकळून कड वाकवली असेल, तर ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही, नवी पत्री (छत्रीची ताटली) लावा. छत्रीच्या पुढे धुणं वाळत घालण्याची सवय अनेक गच्च्यांवर दिसते. कोरडी साडी फारसं बिघडवत नाही, ओली चादर सिग्नल पूर्ण अडवते.

खांब ओळंबा लावून उभा आहे का ते बघा, चारही बाजूंनी. खांब कलला असेल तर उंचीची पट्टी खोटं सांगते.

अडथळा ओळखताना बहुतेक जण चुकतात, कारण घरगुती छत्री जिकडे बघतेय असं वाटतं त्यापेक्षा ती वर बघत असते. तिचा एलएनबी मध्यावर नसतो, खालच्या बाजूला असतो. त्यामुळे पत्रीचं तोंड जिथे दिसतं त्याच्या सुमारे २५ अंश वरून सिग्नल येतो. म्हणून समोरची भिंत कदाचित आड येत नसेल, आणि डोक्यावरून वाकलेला आंबा नक्की येत असेल. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा पूर्व रेखांश ९३.५ अंशावर आहे. मुंबईहून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३१ अंशावर म्हणजे आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच आहे. पुण्याहून १३२ आणि ५९, नागपूरहून १४५ आणि ६०. टाटा प्ले ८३ अंशावरून येतं: मुंबईहून १५१ आणि ६५, नागपूरहून १६९ आणि ६५, म्हणजे नागपूरकरांची छत्री जवळपास दक्षिणेला तोंड करते. एअरटेल १०८.२ अंशावरचं, मुंबईहून ११५ अंश आणि फक्त ४४ उंच; त्यामुळे शेजारच्या इमारतीचा त्रास याच छत्रीला सर्वांत जास्त. डिश टीव्ही ९५ आणि डीटूएच ८८ अंशावर.

हिशेब सोपा आहे. फ्री डिशच्या ५८ अंशांना, छत्रीपेक्षा ८ मीटर उंच झाड त्या दिशेला किमान ५ मीटर लांब हवं. एअरटेलच्या ४४ अंशांना तेच अंतर सव्वाआठ मीटर. पावसाळ्यात झाड वाढतं, पानं ओली होतात, आणि उन्हाळ्यात पुरणारी फट आषाढात बंद होते. दिशा बघायला फोनमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी खांबापासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून बघा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशाचा फरक आहे, तो सोडून द्या.

छत्री हलवायची वेळ खरोखरच आली तर हे लक्षात घ्या: ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा सिग्नल पकडण्याचा पट्टा सुमारे ३ अंशांचा असतो, आणि १ अंश म्हणजे छत्रीच्या कडेला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. उंचीचा बोल्ट घट्ट ठेवा, क्लॅम्पचा नट इतपत सैल करा की छत्री जोर लावल्यावर सरकेल. आडवी २-३ मिलिमीटर सरकवा, चार-पाच सेकंद थांबा. बॉक्सचा आकडा मागून येतो, आणि घाईत माणूस योग्य जागा ओलांडून जातो. क्वालिटी वाढत जाईल, मग कमी व्हायला लागेल. दोन्ही बाजूंना सारखी घसरेल त्या दोन खुणा करा आणि बरोबर मध्यावर या. मग उंचीचं तसंच. सगळ्यात शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा-थोडा फिरवून बघा. हा कल गावोगावी वेगळा असतो, मुंबईत नागपूरपेक्षा बराच जास्त. म्हणून नातेवाइकाच्या गावची छत्री बघून एलएनबी तसाच लावू नका. बोल्ट आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका, आलटून-पालटून पाव-पाव फेरा द्या. आवळण्याने छत्री सरकते, आणि आवळल्यावर आकडा परत बघितल्याशिवाय खाली उतरू नका.

स्ट्रेंग्थ चांगली, क्वालिटीही चांगली, पण वाहिन्यांची यादीच भलती, तर शेजारच्या उपग्रहाला पकडलंय. फ्री डिश ९३.५ आणि डिश टीव्ही ९५ यांच्यात दीड अंशाचंच अंतर आहे. बाकी, फ्री डिशवर वाहिन्या कमी झाल्या आणि सिग्नल मात्र ठीक, तर छत्रीकडे न जाता मेन्यूतून ऑटो स्कॅन करा. स्लॉटच्या लिलावानंतर वाहिन्यांच्या जागा बदलतात.

पाऊस आणि ऊन

मुसळधार पावसात १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल थेंबांत शोषला जातो आणि विखुरतो. छत्री आग्नेयेला बघतेय म्हणून पाऊस तुमच्या डोक्यावर नसतानाही, त्या दिशेच्या ढगामुळे, चित्र जातं. दहा-वीस मिनिटांनी आपोआप परत येतं, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र येत नसेल तर कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीत पाणी शिरलंय. एवढी एक परीक्षा पावसाचा दोष आणि घराचा दोष वेगळा करते.

साधी सरच आली तरी चित्र जात असेल तर कोरड्या हवेतली क्वालिटी मुळातच काठावर आहे. मे महिन्यात, आभाळ निरभ्र असताना, कनेक्टर बदलून आणि छत्री नीट लावून ती वाढवून ठेवायची असते. जास्त पाऊस असलेल्या भागात ६०ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावली तर सुमारे साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. मात्र तिचा पट्टा आणखी अरुंद असतो, म्हणून ती लावताना आणखी सावकाश काम करायचं.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लख्ख ऊन असताना, रोज सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान काही मिनिटं चित्र जातं आणि काही दिवसांनी आपोआप थांबतं. सूर्य त्या वेळी उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या रेडिओलहरींच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही करू नका.

केबलवाल्याचं कनेक्शन, दोन टीव्ही

केबलच्या कनेक्शनला छत्री नसते, पण कनेक्टरची कथा तीच. शेजाऱ्यांकडेही चित्र तुटत असेल तर जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा अडॅप्टर बंद पडलाय का विचारा. फक्त आपल्याकडे असेल तर घरात आलेला स्प्लिटर (एका केबलचे दोन-चार फाटे करणारा तुकडा) बघा. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल खातो, चार तोंडांचा सात-आठ. वापरात नसलेली तोंडं मोकळी सोडू नका, ७५ ओहमचं टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपी) लावा. मोकळ्या तोंडावरून सिग्नल परत फिरतो. बाजारातून बूस्टर आणून लावल्याने सिग्नल जास्त झाला तरीही ठोकळे येतात, म्हणून आधी स्प्लिटर काढून थेट जोडून बघा.

छत्रीला दोन बॉक्स मात्र साध्या स्प्लिटरने जोडायचे नाहीत. एक बॉक्स १८ व्होल्ट मागतो, दुसरा १३. एलएनबी मोठ्या दाबाचं ऐकतो आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसाच्या वाहिन्या जातात. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल टाका. सोसायटीत अनेक घरं असतील तर मल्टिस्विच (एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारा डबा).

जुन्या घरांवर अजून उभ्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फांद्यांच्या अँटेनावर आशा ठेवू नका. दूरदर्शनने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडे बंद केलंय. तो खांब छत्रीला वापरता येतो, गंजला नसेल तर.

टीव्हीच गेला असेल तर

आवाज येतोय, पडदा काळा. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च पडद्याला चिकटवून तिरकी धरा. आत अंधूक चित्र हलताना दिसलं तर पॅनल ठीक आहे, मागची एलईडी पट्टी किंवा तिला वीज देणारा भाग गेलाय. हे दुरुस्त होतं आणि नव्या टीव्हीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. उभ्या रंगीत रेघा किंवा अर्धा पडदा पांढरा, आणि तो टीव्हीच्या मेन्यूतही दिसतोय, तर पॅनलची किंवा त्याला जोडणाऱ्या पट्टीची तक्रार. टीव्ही उघडायला स्वतः जाऊ नका, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भारलेले राहतात. दुरुस्तीवाल्याला मात्र टॉर्च लावून काय दिसलं ते आधीच सांगा. मग तो ‘बोर्ड गेलाय’ म्हणून भलताच भाग बदलायला लागला तर तुम्हाला कळेल.